ज्याचा माल टिकेल, त्याला भाव मिळेल



मोखाड्याचे नाव काढले की कापूस-ज्वारीच्या मुलखातला शेतकरी विचारील, तिथले आमच्या काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरचा वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचा मुलूख. पिके नागली, वरई आणि खाचरातला भात. पाऊस आपल्या तिप्पट पडतो आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी बाया डोंगर उतरतात. दिवाळी झाली की घरेच्या घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. कपाशीचे बोंड तिथे दिसायचे नाही.

पण दुखणे एकच आहे. माल हातात असतो तेव्हा भाव नसतो, भाव येतो तेव्हा माल हातात नसतो. कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की कापूस घरात पडून राहिला तर पिवळा पडेल, वजनाला घटेल, पण सडणार नाही. मोखाड्याचा माल चार दिवसांत सडतो. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे, मेअखेर आंबा, जूनच्या तोंडावर जांभूळ. सगळे सहा-आठ आठवड्यांत येते आणि त्यातच पाऊस सुरू होतो. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी करावी तर ऊन नाही. शीतगृह जवळ नाही. मग करवंदे द्रोणात भरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि गाडीवाला देईल ती किंमत घ्यायची. उरलेले झाडाखाली कुजते. आणि कुजते केव्हा? ज्या पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते, हाताला काम नसते, नेमके तेव्हा. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने मेली, तेव्हा सारा देश हळहळला. भुकेच्या महिन्यांच्या तोंडावर या मुलखात फळांचा चिखल होतो, हे मात्र कोणी पाहिले नाही.

आपल्याकडेही टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो, लिंबू झाडावरच पिवळे पडून गळते, सीताफळ एका दिवसात उतरून जाते, बोरे-आवळे-चिंच मातीमोल जातात. म्हणून हा विषय आपल्या जिल्हा बैठकीत आला पाहिजे. विषय आहे एका पांढऱ्या पावडरीचा. तिचे नाव सोडियम बेंझोएट.

माजघरातली शेती

1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्यातली माजघरशेती म्हणजे शेतातला माल जसाच्या तसा बाजारात न फेकता घरातच त्यावर प्रक्रिया करायची आणि मग विकायचा. कच्चा माल स्वस्तात नेऊन पक्का माल महागात आणून विकणे ही इंग्रजांची रीत होती. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत कापूस सरकारशिवाय कोणाला विकता येत नव्हता, ती त्याच रीतीची पुढची पायरी. माजघरशेती हे त्याला उत्तर होते.

माजघरशेतीच्या गप्पा झाल्या, पापड-कुरडयांची प्रदर्शने झाली. पण गाडी एका ठिकाणी अडली. घरी केलेले लोणचे, सरबत, चटणी आपल्या घरात वर्षभर टिकते, कारण आई-आजी रोज त्यावर लक्ष ठेवून असते. तीच बरणी मुंबईच्या दुकानात गेली की महिनाभरात बुरशी धरते. दुकानदार एकदा माल परत करतो, दुसऱ्यांदा घेतच नाही. बाईच्या हाताला चव होती, माल चोख होता, पण माल टिकला नाही आणि धंदा बसला.

शेजारच्या गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे कोडे सोडवून दाखवले. तिथे बाएफ या संस्थेने 1982 साली वाडीचा कार्यक्रम सुरू केला. एकेका एकरात आंबा-काजूची कलमे, बांधावर जंगली झाडे. झाडे फळाला आली तेव्हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने लोणचे, आंब्याचा गर आणि काजू 'वृंदावन' या नावाने बाजारात आणले. हाच वाडीचा कार्यक्रम पुढे जव्हार-मोखाड्यात आला आणि तिथेही डोंगरउतारावर आंबा-काजू उभे राहिले. पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. झाडे आहेत, फळ आहे, नाव आहे. टिकवण्याचे शास्त्र मात्र माजघरात शिरायचे आहे.

हे आहे तरी काय

आपण घरात ऊद जाळतो. त्या उदाच्या राळेतून फार पूर्वी एक आम्ल काढले गेले, त्याचे नाव बेंझॉइक आम्ल. हे आम्ल दालचिनीत, लवंगेत आणि कित्येक फळांत निसर्गतःच थोडे थोडे असते. दह्यातही असते. आज ते कारखान्यात तयार करतात आणि पाण्यात नीट विरघळावे म्हणून त्याचा क्षार बनवतात. तोच सोडियम बेंझोएट. पाकिटावर 'आयएनएस 211' लिहिलेले दिसले की समजावे, तो हाच.

त्याचे काम साधे आहे. आंबट पदार्थात तो पुन्हा बेंझॉइक आम्ल होतो, बुरशी आणि यीस्ट यांच्या पेशीत शिरतो आणि त्यांची वाढ थांबवतो. पदार्थ आंबट नसेल तर तो जवळजवळ निकामी. म्हणून लोणचे, सरबत, चटणी, जॅम, टोमॅटो सॉस ही त्याची जागा. दूध, खवा, भाजी, मासळी, बांबूचे कोंब यांत टाकून काही उपयोग नाही. पिकलेला आंबा कधी कधी पुरेसा आंबट नसतो, त्यात लिंबूसत्त्व घालून आंबटपणा आणावा लागतो. आंबटपणा पाहायला पीएच कागद मिळतो. त्याचा रंग साडेचारच्या खाली, होता होईल तो चारच्या खाली असावा.

आणि हे पक्के लक्षात ठेवा: बेंझोएट किडका, सडका माल चांगला करीत नाही. काळी पडलेली ज्वारी जशी चाळून पांढरी होत नाही, तसेच हे. नासक्या फळावर पावडर टाकून विकणारा हा शेतकऱ्याचाच वैरी आहे, कारण त्याच्या एका बरणीपायी दहा जणींच्या बरण्या परत येतात.

याचा एक भाऊ आहे, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दुकानात त्याला केएमएस म्हणतात. तो गंधकाचा वायू सोडतो. तोही बुरशीला मारतो, पण रंग उडवतो. म्हणून जांभूळ, करवंद, कोकम अशा गडद रंगाच्या रसाला बेंझोएट, आणि आंबा, लिंबू, आवळा अशा फिकट किंवा पिवळ्या रसाला केएमएस, अशी वाटणी आहे. केएमएसने काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो, त्यामुळे तो घातला असेल तर बाटलीवर लिहिणे हे आपले कर्तव्य आहे.

विष की औषध, माप सांगते

'रसायन म्हणजे विष' असे सरसकट म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. रसायनाची भीती आपल्या मुलखात पुस्तकातून आलेली नाही, सरणावरून आली आहे. म्हणून हिशेब नीट मांडू.

पोटात गेलेल्या बेंझोएटचे काय होते? यकृतात तो ग्लायसिन नावाच्या द्रव्याशी जोडला जातो, त्याचे हिप्प्युरिक आम्ल होते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. अंगात साठून राहत नाही. आपल्या गाई-बैलांच्या मुतातही हेच हिप्प्युरिक आम्ल असते. चाऱ्यातल्या द्रव्यांपासून त्यांच्या अंगात ते रोज तयार होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने माणसाच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला 5 मिलिग्रॅम ही मर्यादा कित्येक वर्षे ठेवली होती. 2021 साली तिने ती 20 मिलिग्रॅम केली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 साली 5 च कायम ठेवली. आपण कडक आकडा धरू. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला 250 मिलिग्रॅम. एक किलो लोणच्यात 1955 च्या फळ उत्पादन आदेशाप्रमाणे जास्तीत जास्त 250 मिलिग्रॅम बेंझॉइक आम्ल चालत होते. म्हणजे मर्यादा गाठायला एका माणसाने एका दिवसात किलोभर लोणचे खायला हवे. तेवढे खाणाऱ्याला बेंझोएटच्या आधी मीठच लोळवील!

पण पोराचा हिशेब वेगळा निघतो. पंधरा किलो वजनाच्या पोराची मर्यादा 75 मिलिग्रॅम. तयार पेयात लिटरला 120 मिलिग्रॅम धरले तर 200 मिलिलिटरच्या तीन बाटल्यांत 72 मिलिग्रॅम होतात. तीन बाटल्यांत पोर मर्यादेला टेकले. दहा-वीस रुपयांची रंगीत पेये आज पाड्यापाड्यावरच्या टपरीत लटकत आहेत. 2007 साली इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण लहान मुलांना देऊन पाहिले, तेव्हा काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. दोष रंगाचा की बेंझोएटचा हे त्यातून वेगळे काढता आले नाही. युरोपने 2010 पासून त्या रंगांच्या पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्याला त्यातून घ्यायचा धडा सोपा आहे. माजघरातल्या सरबतात कृत्रिम रंग घालायचाच नाही. जांभळाला आणि करवंदाला देवाने रंग दिलेला आहे.

दुसरा धोका क जीवनसत्त्वाचा. आवळा-लिंबासारख्या क जीवनसत्त्वाने भरलेल्या रसात बेंझोएट घातला आणि बाटली उन्हात-उष्णतेत पडून राहिली, तर त्यातून अत्यल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते आणि बेंझीन कर्करोगकारक आहे. 2005-06 साली अमेरिकेत आणि इतरत्र शीतपेये तपासली तेव्हा काहींत पिण्याच्या पाण्याला ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बेंझीन निघाले आणि कंपन्यांना कृती बदलावी लागली. म्हणून आवळा आणि लिंबू यांना बेंझोएट नको. बाकी बाटल्याही सावलीत ठेवाव्यात.

एवढे सगळे सांगितल्यावर आता आपल्याच घरात डोकावू. डाळीला आणि ज्वारीला बोरिक पावडर चोळून ठेवायची चाल घरोघर आहे. बोरिक पावडर अन्नात घालायला कायद्याची परवानगी नाही. 1902 साली अमेरिकेच्या शेतीखात्यातील रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी तरुण स्वयंसेवकांना जेवणातून अशी टिकाऊ द्रव्ये देऊन पाहिली. त्यात पहिला मान टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा, आणि तो नापास झाला. वायलींचे मत बेंझोएटच्याही विरुद्धच होते. त्यावर वाद झाला, दुसरी तज्ज्ञ समिती बसली आणि 1909 साली तिने निर्वाळा दिला की थोड्या प्रमाणात बेंझोएट अपायकारक नाही. नापास झालेल्याच्या भावाला आपण कणगीत बसवले आणि पास झालेल्याला दारातून हाकलतो. तीच गत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीची. तिच्या वायूवर उतारा नाही, आणि ती गोळी माणसे निजतात त्याच खोलीत धान्याच्या पोत्यांत खोचली जाते. भीतीलाही माप हवे.

भीती कोणाच्या फायद्याची?

अमेरिकेत बेंझोएटविरुद्ध मोठा गलबला झाला, तेव्हा पिट्सबर्गची हाइंझ कंपनी त्यात पुढे होती. तिने बेंझोएट न घालता सॉस टिकवण्याची कृती बसवली होती, त्यात व्हिनेगर आणि साखर जास्त. माल चांगला होता, हे खरे. पण बेंझोएट बदनाम झाला की अडचणीत येणार होते ते तिच्याशी टक्कर देणारे, हेही तितकेच खरे.

आज शहरातल्या दुकानात 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' अशा पाट्यांचा माल दुप्पट भावाने विकला जातो. विकू द्या. पण त्या पाटीमागे काय उभे असते ते पाहा. निर्जंतुक भरणाची यंत्रे, थंड गाड्या, थंड गोदामे, चोवीस तास वीज. ज्याच्याकडे ही साखळी आहे त्याला पावडर लागत नाही. मोखाड्याच्या पाड्यावरच्या बचतगटाला, यवतमाळच्या किंवा बीडच्या आडगावातल्या बाईला ती साखळी कोण देणार? तिच्या हाती आहे ती चूल, पातेले आणि ऊन. तिला 'पावडर घालू नको' एवढेच सांगणे म्हणजे 'माल कच्चाच विक' असे सांगणे.

आणि सरकार? 1955 चा फळ उत्पादन आदेश निघाला तो अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली. ज्या कायद्याने आपल्या कांद्याला आणि साखरेला वेसण घातली त्याच कायद्याने घरच्या जॅमलाही. घरगुती प्रमाणावर करणाऱ्यालाही विक्रीसाठी परवाना लागे. कारखानदाराकडे परवाने काढायला कारकून होता. मोखाड्याच्या बाईला परवाना म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून घातलेल्या खेपा. 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने तो आदेश गेला आणि 2011 साली नवे नियम आले. त्या नियमांत वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला 100 रुपये. ही वाट पूर्वीपेक्षा मोकळी आहे. 2006 च्याच वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजाची मालकी दिली. करवंद-जांभूळ गोळा करणारी बाई आता चोर नाही, मालकीण आहे. मालकिणीने माल टिकवायलाही शिकले पाहिजे.

हिशेब ग्रॅमचा

1955 च्या आदेशातली मापे बेंझॉइक आम्लाची होती. दर किलोला स्क्वॉशमध्ये 600 मिलिग्रॅम, लोणचे-चटणीत 250, जॅममध्ये 200. एक ग्रॅम सोडियम बेंझोएटमध्ये 0.85 ग्रॅम आम्ल असते. म्हणजे किलोभर स्क्वॉशला 0.7 ग्रॅम पावडर आणि किलोभर लोणच्याला 0.3 ग्रॅम. केएमएस असेल तर स्क्वॉशला किलोमागे सुमारे 0.6 ग्रॅम. विक्रीसाठी करणाराने आजची यादी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावी आणि तीच पाळावी.

दहा किलो लोणच्याला 3 ग्रॅम. अर्ध्या किलोचा एक डबा दीड हजार किलो लोणच्याला पुरून उरतो. खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो 3 ग्रॅम मोजण्याचा. चिमूट, चमचा, 'अंदाजे' याने हे काम होत नाही, कारण कोणाची पावडर बारीक तर कोणाची दाणेदार. फवारणीत औषधाच्या टोपणाने माप घेऊन आपण काय भोगले ते वर सांगितले आहे. माजघरात ती चूक नको.

म्हणून या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक, प्रत्येक गावातल्या महिला आघाडीने वर्गणी काढून सोनाराच्या धर्तीचा, ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजणारा काटा घ्यावा. गावात एक काटा, एक वही. कोणी किती मालाला किती पावडर घातली ते वहीत लिहायचे.

दोन, पावडर खाण्याच्या दर्जाची आणि सीलबंद डब्यातलीच घ्यावी. ती थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच मालात घालावी आणि नीट ढवळावे. कोरडी टाकली तर एका बरणीत तिप्पट जाते, दुसरीत काहीच नाही. मीठ, तेल, साखर, ऊन ही आजीची साधने सोडायची नाहीत. त्यांनी जिथे भागते तिथे पावडर घालूच नये.

तीन, बाटलीवर भरल्याची तारीख, वजन आणि '211' किंवा '224' जे असेल ते ठळक लिहावे. लपवणे हे व्यापाऱ्याचे शास्त्र आहे, आपले नव्हे. गिऱ्हाईक एकदा विश्वासले की तेच आपले शीतगृह.

चार, सरकारकडे अनुदान मागू नका. मागायचेच तर एवढे मागा, की तालुक्याच्या ठिकाणी माल तपासून मिळावा आणि नोंदणी गावातच शिबिर घेऊन व्हावी. मोखाड्याच्या बाईला बाटली तपासायला दूरच्या शहरात जावे लागले तर तो कायदा तिच्यासाठी नाहीच.

घामाचे दाम मागताना आपण आजवर बाजारसमितीच्या दारात उभे राहिलो, रस्त्यावर बसलो. ती लढाई चालूच राहील. पण ज्याला आपला माल चार महिने थांबवता येतो, त्याला भावासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल तेव्हा मोखाड्यात जांभळाचा सडा पडलेला असेल. तो चिखलात जायचा की बाटलीत, हे ठरवायला एक काटा, तीन ग्रॅम पावडर आणि मोजण्याची शिस्त पुरे. कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखातही लिंबू, टोमॅटो, बोरे, आवळा यांचा हंगाम येतोच. काटा त्याआधी गावात आला पाहिजे.